स्टिअरिंगवरचं एक बोट

शनिवारी बाबाच्या मिनीबसमध्ये नऊ पर्यटक होते आणि पुढच्या सीटवर मी, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन. आमच्या बेटावरच्या शाळेत शिक्षिका म्हणून माझी निवड झाल्याचा फोन शुक्रवारी आला होता. पत्र सोमवारी येणार होतं. बाबाला सांगायचं ते पत्र हातात आल्यावरच, असं मी ठरवलं होतं. मी बावीस वर्षं डब्लिनला होते. 'परत कधी येतेस' असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलून दाखवत होता. इथला नमस्कारच तो, सगळेच करतात.

"तो टोनी मॅकनल्टी होता," मी म्हणाले. "मेंढीवरून तुमचं एकोणीस वर्षं बोलणं नाहीये ना?"

"बोलणं नाहीये. बोटाचं काय त्यात? तुम्हा डब्लिनवाल्यांची बोटं गोठलीत वाटतं."

किलडाव्हनेटच्या बुरुजापाशी त्याने चाचेगिरी करणाऱ्या राणीची गोष्ट सुरू केली. जहाज कुणी पळवलं तर जाग यावी म्हणून राणी म्हणे त्याचा दोर खिडकीतून आत घेऊन पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायची.

"बाबा, त्या गोष्टीतला बुरूज हा नव्हे."

"ही माझी मुलगी नोरा," तो पर्यटकांना म्हणाला. "इतिहास शिकवते. कागदावर दाखवल्याशिवाय हिला स्वतःचा वाढदिवससुद्धा पटत नाही."

सगळे हसले. मीही.

स्लीव्हमोर डोंगराच्या उतारावर, छपरं उडालेल्या दगडी घरांतलं एक त्याने आपल्या पणजीचं म्हणून दाखवलं.

"मागच्या वर्षी पणजी चार घरं खाली राहायची."

"उन्हाळ्यात गुरांमागे जायची माणसं. घर बदललं असेल बाईने."

कीमच्या किनाऱ्यावर तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिला आणि सँडविच खाऊ लागला. "खात्री मागाहून करावी, पोरी," तो म्हणाला. "आधी सांगून टाकावं. ठेवून ठेवून गोष्ट शिळी होते."

मी तोंड उघडलं होतं. पण म्हणाले ते एवढंच, "मस्टर्ड जास्त झालंय का?"

रविवारी सकाळी तो खुर्चीतच गेला. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसरी सुटी.

इथल्या रीतीप्रमाणे दोन दिवस त्याला घरातच ठेवलं होतं, आणि घर माणसांनी, चहाने आणि हसण्याने भरलेलं होतं. सोमवारी पोस्टमन केकच्या ताटांमधून वाट काढत आला आणि पत्र देऊन गेला. संध्याकाळी टोनी मॅकनल्टी भाजलेलं हॅम घेऊन आला. बाबाच्या शवपेटीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मेंढी माझीच होती, फेस्टस." मागून कुणीतरी म्हणालं, "आता तो वाद घालणार नाही म्हणून बोलतोयस." टोनीला हसू आवरेना, आणि मग रडूही.

पुढच्या शनिवारचं बुकिंग मी रद्द केलं नाही. बस मीच काढली. समोरच्या गाड्या बस ओळखून बोट उचलत, आत कोण आहे ते नंतर बघत. सुरुवातीला मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं होतं. टोनीचा ट्रॅक्टर आला तेव्हा माझं बोट वर गेलं.

बुरुजापाशी मी दोराची गोष्ट सांगितली, अंगठ्यासकट. स्लीव्हमोरला पणजीचं घर दाखवलं. ते आणखी दोन घरं वर सरकलं होतं.

कीमला माणसं वाळूत पांगली. मी बूट काढले आणि बाबा उभा राहिला होता साधारण तिथेच पाण्यात जाऊन उभी राहिले. पाणी बर्फासारखं होतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मी परत आलेय. कायमची. मला त्या शुक्रवारीच कळलं होतं."