जामीनदार हवा

आई खोलीतल्या भाडेकरू मुलीला भाडेकरू म्हणत नसे, पाहुणी म्हणे. पाहुणी दर महिन्याला भाडं द्यायची आणि ते जसंच्या तसं थोरल्या लेकीच्या शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात जायचं, हे मात्र पाहुणीला ठाऊक नव्हतं. खोली मुळात थोरलीचीच. भिंतीवरचा तिचा पदवीचा फोटो आईनं मुद्दाम तसाच ठेवला होता. खोली बघायला कुणी आलं की आई फोटोकडे बोट दाखवायची, "याच टेबलावर अभ्यास केला हो हिनं. आता डिझायनर आहे, मोठ्या कंपनीत."

मोठी कंपनी म्हणजे फरशांचं दुकान. थोरली तिथं गिऱ्हाइकांना बाथरूमच्या फरशा दाखवायची, आणि मालक जेवायला गेला की गल्ल्यावरही बसायची. चार वर्षं डिझाइन शिकून तिच्या वाट्याला आलेलं डिझाइन एवढंच, की पांढऱ्या फरशीला राखाडी पट्टा शोभेल की निळा. रात्री ती हॉलमधल्या सोफ्यावर अंग मुडपून झोपायची. पाहुणीनं एकदा विचारलंच, तेव्हा आईनं सगळं पाठीच्या डॉक्टरांवर ढकलून दिलं. पाठीला सोफा सांगणारा हा डॉक्टर कोण, हे विचारण्याइतकी पाहुणी आगाऊ नव्हती.

यंदा पाहुणीच्या कॉलेजनं फी वाढवली. थोडीथोडकी नाही, जवळजवळ दीडपट. शनिवारी सकाळी पाहुणीचे वडील आले. ते लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचे. काचा उभ्या ठेवायला टेम्पोला दोन्ही बाजूंनी तिरकी चौकट लावून घेतली होती, आणि बोटांवर बारीक चिरा होत्या. बसले तेही खुर्चीच्या अगदी कडेला.

"कर्जाशिवाय आता निभत नाही," ते थोरलीला म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही याच कॉलेजात शिकलात. खरं काय ते सांगा ताई. घेऊ कर्ज, की पोरीला घरी नेऊ?"

पाहुणी दारात उभी होती. चहा गाळता गाळता आईचा हात थांबला. पाहुणी गेली की खोली रिकामी, खोली रिकामी की हप्ता थकला. मागे एकदा हप्ता थकला होता, तेव्हा वसुलीवाल्यानं थेट दुकानात फोन केला होता आणि मालकानं भर गिऱ्हाइकांत तो थोरलीच्या हातात दिला होता. "तुझ्या कर्जाचं काहीतरी म्हणतायत," असं मोठ्यानं सांगून.

"घ्या," थोरली म्हणाली. "फिटतं हो. एकदा नोकरी लागली की कळतही नाही."

एवढ्यावर थांबायचं ना! पण पाहुणीचा चेहरा उजळला आणि थोरलीला चेव चढला. तिनं ऑफिस सांगितलं, स्वतःचं टेबल सांगितलं, यंदा झालेली पगारवाढसुद्धा सांगून टाकली. आपल्याला इतकं सफाईनं खोटं बोलता येतं, याची तिची तिलाच किळस आली.

पाहुणीच्या वडिलांना केवढं हायसं वाटलं. त्यांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले.

"मग एक विचारू का? बँकेला जामीनदार हवा, पगारपत्रक असलेला. माझ्या ओळखीतले सगळे माझ्यासारखेच, आज काम तर आज पैसे. तुम्ही सही कराल? तुमचा पगार बघून मॅनेजर दुसरा प्रश्न विचारणार नाही."

थोरलीचे कान तापले. पगारपत्रक! मालक तिला पाकिटातून पैसे द्यायचा, तेही कधी वेळेवर नाही.

आईच मदतीला धावली. "अहो, तिच्या कंपनीचा नियमच आहे, कुणाला जामीन राहायचं नाही." इथं थांबली असती तर ती आई कसली? "आणि एवढ्या मोठ्या रकमेला, तेही परक्यासाठी..."

ते ताडकन उठले. "नाही, नाही, बरोबर आहे तुमचं. मीच पायरी न बघता बोललो. माफ करा, ताई." चहा तसाच राहिला. पाहुणी नखाशी खेळत खाली बघत होती. तिला ते जाता जाता म्हणाले, "टेम्पो गहाण टाकतो. त्यावर देतील."

लाज वाटायला हवी होती थोरलीला, आणि मान खाली घालून जिना उतरत होता तो माणूस. तिला ते बघवेना. ती अनवाणीच त्यांच्या मागे धावली.

"काका, थांबा! मी खोटं बोलले."

टेम्पोपाशी उभं राहून तिनं एका दमात सगळं ओकून टाकलं. फरशांचं दुकान, पाकिटातला पगार, सोफा, त्यांच्या मुलीच्या भाड्यातून जाणारा हप्ता. "कर्ज घेऊ नका. टेम्पो तर मुळीच गहाण टाकू नका. माझं अजून निम्मंसुद्धा फिटलेलं नाही."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"फार चांगल्या आहात तुम्ही," ते म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःला एवढं खाली आणलंत. पण नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे ताई. त्यासाठी असलं काही रचून सांगायची गरज नव्हती."

"रचलेलं नाही हो! आईची शपथ."

"असू दे, असू दे." ते आत चढून बसले. "माझी पोर तुमच्यासारखी झाली ना, की मी सुटलो."

थोरलीनं टेम्पोचं दार धरून ठेवलं होतं. तिला आणखी काही सांगायचं होतं, पण मघाचं खोटं ज्या तोंडानं सांगितलं त्याच तोंडानं खरं पटवायचं कसं, हे तिला सुचेना. त्यांनी हळूच तिची बोटं सोडवली, आणि बँक दुपारी बंद होते म्हणून घाईघाईनं निघून गेले.