पालथ्या घागरीखालचा हरभरा

पुस्तके एकशे चौदा होती. त्यांतली सेहेचाळीस शिळाछापाची, एक्कावन्न खिळाछापाची आणि सतरा हाताने लिहिलेल्या पोथ्या. दोन सतरंज्या, एक मेज, एक दौत. अमरावतीच्या कापूस बाजाराला लागून असलेल्या या वाचनालयात सकाळी झटकलेल्या पुस्तकांवर दुपारपर्यंत पुन्हा रुईचा थर बसे.

१८६५ चा पौष महिना होता. अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आणले होते. वर्गणीदार बहुतेक अडते आणि दलाल. ते येत, वर्तमानपत्रातला मुंबईचा भाव उभ्याउभ्याच पाहत आणि निघून जात. ग्रंथपाल शालिकराम याने भांडून एक मुभा मिळवली होती: वर्गणीदार नसलेल्यानेही पुस्तक पंधरा दिवस घरी न्यावे. सहा महिन्यांत पाच पुस्तके बाहेर गेली. चार परत आली. पाचवे, झाडांच्या वाढीविषयीचे, वलगावच्या नत्थुजी माळ्याकडे जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते.

"तीस कोसांवरून, अकोल्याहून आणलेलं पुस्तक," व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख महादेवराव अडते म्हणाले. "वांग्याच्या बुडाशी खत झालं असंल त्याचं. अमावास्येले बाजार बंद हाये. मोजणी करू. एकशे चौदा भरली नाहीत, तर पुस्तक घरी देणं बंद."

अमावास्येला तीन दिवस उरले असताना शालिकराम तीन कोस चालत वलगावला गेला. दुपारी मोटेचे बैल सोडलेले होते आणि विहिरीच्या धावेवर अकरा माणसे बसली होती. पाटावर पुस्तक, त्याला हळदकुंकू लावलेले. नत्थुजी अक्षराखाली बोट धरून वाचत होता. समोर त्याची आई पार्बताबाई.

"नत्थुजी, मुदत पंधरा दिवसांची होती."

"चार अध्याय झाले, मास्तर. पाचवा अडला."

"काहून?"

नत्थुजीने दोन कुंड्या दाखवल्या. दोन्हींत हरभरा एकाच दिवशी पेरलेला. एक उघडी होती, दुसरीवर घागर पालथी घातली होती. "पुस्तक म्हणते, उजेडाबिगर रोप हिरवं होत नाही. आठ दिवस झाकून पाहा म्हणते. आज पाचवा."

"पटल्याबिगर पुढचं पान नाही," पार्बताबाई म्हणाली. "चारही अध्याय असेच पारखून घेतले."

"माय, अमावास्येले पुस्तक मेजावर पाहिजे. नाहीतर पुढं कोणालेच घरी पुस्तक भेटणार नाही."

"पोथी लावली, मास्तर. समाप्तीआधी उठवत नाहीत."

"पोथी नाही हे, छापील पुस्तक हाये."

"अध्याय हायेत ना? मंग?"

शालिकरामने पुस्तकाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग घागरीकडे पाहिले. "जरा उचलून पाहू?"

"तीन रोजानं," नत्थुजी म्हणाला. सगळे हसले. शालिकराम रिकाम्या हातांनी परतला.

अमावास्येला मोजणी दोनदा झाली. दोन्ही वेळा एकशे तेरा. महादेवरावांनी बोरू दौतीत बुडवला आणि लिहिले, 'आजपासून पुस्तके'. तेवढ्यात दारात माणसे येऊन थांबली. अमावास्येला बैल जुंपत नाहीत म्हणून वलगावची बारा माणसे पायी आली होती. पार्बताबाईच्या डोक्यावर लाल फडक्यात बांधलेले पुस्तक होते. मागून नत्थुजी आणि त्याचा भाऊ एकेक कुंडी घेऊन, एकीवर अजून घागर.

"पोथी उठवली नाही," ती म्हणाली. "ऐकणारेबी संगं आणले. आजचं वाचन इथंच."

नत्थुजीने ते पान वाचले, सावकाश, एकेक अक्षर. मग घागर उचलली. महादेवरावांनी स्वतः बोटे लावून मोजले. झाकलेले रोप अकरा बोटे, पिवळे. उघडे सात बोटे, हिरवे.

"अंधारातलंच उंच झालं," मोजणीला आलेला एक दलाल म्हणाला. "पुस्तक चुकलं म्हणा की."

"हिरवं होत नाही म्हणलं हाये. उंच होत नाही असं कुठं म्हणलं?" नत्थुजीने पान पुन्हा वाचून दाखवले. दलालाने ते हातात घेऊन स्वतः वाचले. दुसरा त्याच्या खांद्यावरून वाकला. वाद लांबला. वर्तमानपत्र मेजावर तसेच घडी घातलेले राहिले.

"काहून उंच झालं, ते पुढच्या अध्यायात असंल," पार्बताबाई म्हणाली. "पान उलट."

"ते मले द्या आता," महादेवराव म्हणाले. "कपाशीवर करून पाहतो."

"तुमचा नंबर मंग. आमचे अजून अकरा अध्याय हायेत."

महादेवरावांनी अर्ध्या लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि शालिकरामला विचारले, "तवरक दुसरं काय हाये?"

माघ अमावास्येला पुन्हा मोजणी झाली. कपाटात शहात्तर पुस्तके होती. अडतीस बाहेर होती.