वीस टक्के उजेड

चिरंजीवांनी स्टुलावर चढून दिव्याची शेवटची साखळी हुकात अडकवली आणि विचारलं, "सरळ आहे का?"

चिरंजीव बावन्न वर्षांचे होते. पण घरात आई असली की माणूस चिरंजीवच राहतो. स्टूल धरून उभ्या असलेल्या सूनबाईंनी दिवा सरळ असल्याचं सांगितलं, आणि मला बघायला आला होतात तेव्हा याच्या निम्मीही चौकशी केली नव्हतीत, हेही सांगून टाकलं. ते खरंच होतं. खाऱ्या पाण्याच्या या टाकीवर कोणता दिवा टांगावा, यात चिरंजीवांनी वर्ष घालवलं होतं. टाकीतल्या खडकांवर जिवंत प्रवाळ होते, जुन्या मिणमिणत्या दिव्याखाली तपकिरी पडत चाललेले. सूनबाई त्यांना 'तुमचे दगड' म्हणत.

दुकानदाराने बजावलं होतं, दिवा जबर आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण सोडलात तर प्रवाळ भाजून पांढरे पडतील. वीस टक्क्यांपासून सुरुवात करा, मग त्यांना सवय होईल तसतसा वाढवा.

समोरच्या खुर्चीत हेडबाई बसल्या होत्या. चिरंजीवांच्या आई मुख्याध्यापिका म्हणून कधीच्याच निवृत्त झाल्या होत्या, पण ती निवृत्ती त्यांनी घरात लागू केली नव्हती. रोज सकाळी टाकीसमोर बसून त्या 'मासे मजेत आहेत' असा शेरा देत. पेपर मात्र त्यांनी बंद केला होता. सूनबाईंनी डोळे तपासून घ्यायचं सुचवलं, तेव्हा डोळे ठणठणीत आहेत, हल्ली छपाईच फिकट निघते, असा निकाल मिळाला. त्यावर अपील नव्हतं.

चिरंजीवांनी बटण दाबलं. वीस टक्के हे मोबाइलवरून ठरवायचं असतं आणि आधी ठरवायचं असतं, हे त्यांना बटण दाबल्यावर आठवलं.

टाकीत निळा दिवस उजाडला.

तपकिरी म्हणून ज्यांची कीव करावी, ते प्रवाळ आतून पेटल्यासारखे हिरवे झाले. एकाच्या कडेला नारिंगी धार उमटली. मागच्या खडकावर जांभळ्या बोटांची अख्खी वस्तीच हलत होती. हे रंग काही दिव्याबरोबर खोक्यातून आलेले नव्हते. ते इथेच होते, याच दिवाणखान्यात, सोफ्यापासून हातभर अंतरावर. चिरंजीव स्टुलावरून उतरायचं विसरले आणि सूनबाई स्टूल धरायचं. दगड हा शब्द त्यांनी नंतर पुन्हा वापरला नाही.

हेडबाई खुर्चीतून उठल्या होत्या. काचेला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"हे हिरवं कधी आणलंस रे?"

"इथेच होतं आई. दोन वर्षं झाली."

एवढं बोलल्यावर चिरंजीवांना दुकानदार आठवला. धडपडत खाली उतरून त्यांनी मोबाइलवर दिवा विसावर आणला.

"गेलं," हेडबाई म्हणाल्या.

"काय गेलं?"

"सगळंच."

विसातही चिरंजीवांना माशाच्या शेपटीवरची काळी रेघ स्वच्छ दिसत होती. गेल्या महिन्यात टाकीतले दोन्ही मासे दगावले, तेव्हा नवे येईपर्यंत टाकीत एकही मासा नव्हता. त्या दिवसांतही रोज सकाळी मासे मजेत होते. आई आपलं मन राखतेय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं. त्या स्टुलाकडे बघत होत्या. चिरंजीवांचं बोट पुन्हा मोबाइलवर गेलं.

"राहू दे," हेडबाई म्हणाल्या. "भाजतील ना ते?"

"पाच मिनिटांनी काही होत नाही."

दुकानदाराने असं काही सांगितलेलं नव्हतं.

टाकी पुन्हा उजळली. चिरंजीव आईच्या पायाशी जमिनीवर बसले. हेडबाई एकेका रंगाकडे बोट दाखवून नाव विचारत होत्या आणि ते सांगत होते. वर्गात हजेरी चालावी तसं. फक्त या हजेरीत बाईंचा आवाज दर नावागणिक हळू होत चालला होता. शेरा त्यांनी एकही दिला नाही.

"कर आता कमी," शेवटी त्याच म्हणाल्या.

दिवा उतरला. हिरवं जिथे होतं, तिथेच बघत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खुर्चीची पाठ चाचपून बसल्या.

"त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना उद्या फोन कर," त्यांनी सूनबाईंना सांगितलं. "म्हणावं, छपाई ठीक असावी."