जिताड्यांचा सोऱ्या

मी एक जुना सोऱ्या आहे, पण चकलीचा नव्हे. माझ्यातून माशांचं खाद्य निघतं. माझ्याकडे बघून काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. मित्रांनो, मी अजून कामावर आहे.

माझा जन्म पनवेलमधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये झाला. काशिराम मिस्त्रींनी जाड लोखंडी नळी कापून माझं पोट केलं, आत पिळाचा दांडा बसवला आणि तो फिरवायला बाहेर लाकडी मूठ लावली. मला न्यायला आलेल्या बाईंना ते म्हणाले, "गंज धरंल, पण मोडनार नाय."

त्या बाई म्हणजे डॉ. जेरुशा पेणकर. खाडीकाठच्या एका मत्स्य संशोधन केंद्रात त्या माशांच्या आहाराचा अभ्यास करत. जिताडा हा आपल्याकडचा मानाचा मासा. त्याची पिल्लं तळ्यात वाढवायची तर त्यांना पौष्टिक आणि परवडणारं खाद्य हवं. कोळंबी सोलणाऱ्या कारखान्यातून डोकी आणि सालं फेकून दिली जात. जेरुशाबाई ती आणून उकडत, वाळवून दळत आणि त्यात तांदळाचा कोंडा व मासळीची पूड मिसळत. त्या स्वतः कोळंबी तोंडातही घालत नसत. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू; त्यांच्या धर्मात ती चालत नाही. पण कोळंबीच्या डोक्यात काय सत्त्व आहे, हे त्यांच्याइतकं केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते पीठ मळून माझ्यात भरायचं काम मालूचं. ती डोंगराकडच्या कातकरी वाडीतून रोजंदारीवर यायची. लहानपणापासून ओढ्यात मासे धरलेली ती बाई माझी मूठ फिरवताना टाक्यांवरची नजर हलवत नसे. आठ वर्षं आम्ही तिघांनी काम केलं. पाहुणे आले की कौतुकानं माझे फोटो काढत.

मग केंद्रात विजेवर चालणारं नवं यंत्र आलं. त्यातून कडक, तरंगणारे दाणे भराभर पडू लागले. केंद्राचे प्रमुख निकेश सर खूश झाले. मला मागच्या शेडमध्ये फुटक्या टबांजवळ टाकलं. खाडीचा खारट वारा लागून माझ्या अंगाला गंज चढला. मालूकडे फक्त टाक्या धुणं उरलं, तेही वर्षअखेरपर्यंतच. मित्रांनो, मला दुःख झालं असं तुम्हाला वाटेल. मला राग आला होता.

दीड महिन्यात एका टाकीतली तीनशे पिल्लं एकशे वीसवर आली. निकेश सर जेरुशाबाईंना घेऊन शेडमध्ये टब बघायला आले. मालू तिथेच टब घासत होती.

"रोगानं मेली असं लिहा," सर म्हणाले. "अहवाल पाठवायचा आहे."

मालू उठून उभी राहिली. "सर, मेली असती तं वर आली असती. येक तरी मेलेलं गावलं का? कडक दाना तोंडात घेतात नि थुकतात. मंग भुकेलं मोठं पिल्लू लहान्याला गिळतं. मी बघितलंय."

"तू टाक्या धू, मालू. हे शास्त्र आहे."

"सर, शास्त्र बघण्यापासूनच सुरू होतं," जेरुशाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी रोग लिहिणार नाही. मला दोन टाक्या द्या आणि दोन महिने द्या."

"मऊ खाद्य कशावर करणार?"

मालूनं माझ्यावर हात ठेवला. "ह्यो हाय ना."

"ते भंगार आहे. उद्या भंगारवाला न्यायला येतोय."

"त्याला मी परत पाठवेन," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच पाठवलं.

मालूनं विटेच्या तुकड्यानं माझा गंज घासला, तेल सोडलं. पहिल्या दिवशी मी फार कुरकुरलो, पण फिरलो. दोन्ही टाक्यांत एकाच वयाची दोनशे-दोनशे पिल्लं सोडली. एकीला कडक दाणे, दुसरीला माझ्या मऊ गोळ्या. दोन महिन्यांनी मोजणी झाली. कडक दाण्यांच्या टाकीत पंच्याण्णव उरली होती. माझ्या टाकीत एकशे अडुसष्ट.

तरी भांडण संपलं नाही. अहवालावर मालूचं नाव बघून सर म्हणाले, "रोजंदारीवरच्या बाईचं नाव कशाला?"

"निरीक्षण मालूताईंचं आहे. ते नाव काढायचं असेल तर माझंही काढा."

दोन आठवडे तो अहवाल सरांच्या टेबलावर पडून राहिला. शेवटी एका सकाळी त्यांनी सही केली. नवं यंत्र आता मोठ्या माशांचं खाद्य करतं, पिल्लांचं मी. मालूचं काम वर्षअखेरीला थांबलं नाही. बाईंनी तिला अहवालातलं तिचं नाव दाखवलं. तिनं त्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि पीठ मळायला बसली.

मित्रांनो, जुन्या अवजाराला वेळेवर तेल द्या, मीठ लागलं तर गोड्या पाण्यानं धुवा. आणि टाकून देण्याआधी ते रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा. मी विनवणी करत नाही, बजावतो आहे.

सध्या मालू वाडीतल्या दोघींना हे काम शिकवते. पीठ फार ओलं झालं तर गोळी पाण्यात विरते, फार कोरडं झालं तर मी अडकतो. अडकलो की त्या दोघी वैतागतात. वैतागू देत. नीट शिकल्याशिवाय मी कुणाच्या हातानं फिरणार नाही.