गल्लीचं विरजण आणि समुद्राचं शेवाळ

"समुद्र कधी पाह्यला का वं तू?" सासूबाईंनी, देवकाबाईंनी विचारलं.

"नाई ना, आत्याबाई. म्हणूनच तर घोकून राह्यली."

सुलोचनाच्या मांडीवर तिची वर्षभराची लेक छकुली होती आणि छकुलीच्या मुठीत वहीचं अर्धं पान. बी.एस्सी.ची सहल कोकणच्या किनाऱ्याला निघाली होती. जागा एकच उरली होती. सर म्हणाले होते, हिमयुगांनी समुद्रातली शेवाळं कशी घडवली हे जो वर्गाला उमजेल असं सांगेल, तो येईल. आज अकराला सुलोचनाची पाळी.

"बर्फानं किनारे झाकले, शेवाळ मेलं. आडोशाला कुठंकुठं टिकलं. बर्फ वितळल्यावर तिथूनच पसरलं," ती भराभर म्हणाली. "पुढचं छकुलीनं खाल्लं."

तेवढ्यात शेजारच्या रुख्माबाई वाटी घेऊन दारात. "देवकाबाई, जराकसं विरजण द्या. या थंडीत दही लागूनच नाई राह्यलं."

देवकाबाईंनी चुलीजवळचं, गोधडीत गुंडाळलेलं मडकं उघडलं. "घे. दर पौषात हेच. साऱ्या नालवाडीचं दही माह्या मडक्यातलं, म्हणून सारं सारखंच आंबट!"

"हिंगणीच्या तुमच्या बहिणीचं मात्र गोड असते."

"तेही आमच्या मायच्याच विरजणाचं. चाळीस वर्सं झाली दोघी दोन गावी येऊन. आता एकीचं दुसरीले ओळखू येत नाई."

सुलोचनानं वही मिटली. छकुलीला उरलेलं पानही देऊन टाकलं.

वर्गात सरांनी अडवलंच. "उत्तरेला जिथला बर्फ वितळला, त्या लांबच लांब किनाऱ्यावर शेवाळ एकसारखं का?"

"आमच्या गल्लीतल्या दह्यासारखं, सर. थंडीत एकच मडकं वाचलं, पुढं सगळीकडे त्याचंच."

हशा पिकला. सर हसले नाहीत. "आणि आडोशाला इतके प्रकार?"

"तिथली मडकी कधी रिकामी झालीच नाहीत, जुन्या चवी राहिल्या. आणि एक आडोसा दुसऱ्यापासून हजारो वर्षं तुटलेला. एकाच आईचं विरजण, पण एक नालवाडीला, एक हिंगणीला. चवी वेगळ्या होणारच."

सरांनी यादीत शेवटचं नाव लिहिलं.

संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवताच तिनं छकुलीला उचललं. "आत्याबाई, पाच दिवस ठेवाल ना इले?"

"ठेवतो ना. पण तिकडचं दही खाऊन पाह्यजो," देवकाबाई मडकं गुंडाळत म्हणाल्या, "अन् कोणाच्या मडक्यातलं हाय, तेही विचारून येजो."