एका तांब्यापुरतं शिसं

माझ्या नाकावर कायम राग असतो. बाबा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेत मी यंत्रावर चिडले होते. बाबांनी आठवडाभर वापरलेल्या पुडीवर शिसं जवळजवळ नाहीच, असं ते सांगत होतं.

पूड मीच केलेली. काळी, गंजाच्या नात्यातली, आणि इतकी बारीक की तिचा एक कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. पाण्यात ढवळली की शिसं तिच्या अंगाला चिकटतं. आत मुरत नाही, नुसतं चिकटतं. म्हणून कण जितके बारीक, तितकी चिकटायला जागा जास्त. मग बरणीखाली चुंबक ठेवायचं, काळं सगळं तळाशी बसतं आणि वरचं पाणी ओतून घ्यायचं. चुंबक बाबांचंच. शिंपीकाम करत तेव्हा सांडलेल्या टाचण्या ते त्यानं गोळा करायचे.

त्यांच्या घरामागे जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता. तो बंद पडला, शेजारी एकेक करून निघून गेले. विहिरीत शिसं राहिलं आणि घरात बाबा. माझ्याकडे चला म्हटलं की नको. विकतचं पाणी घ्या म्हटलं की, "विहीर असताना?" सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून दर रविवारी मी ताजी पूड नेते आणि शिशानं भरलेली धुवायला आणते. एका खोलीत एकटं राहणाऱ्या माझ्यासारख्या बाईला रविवारी जायला एक दार लागतं, हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. उलट उंबऱ्यातच बसच्या नावानं खडे फोडायचे.

महिनाभर झालं, सहा महिने न बदलता चालेल अशी नवी पूड माझ्या कपाटात तयार होती. ती द्यायचा धीर होत नव्हता.

पण बाबांच्या रक्तातलं शिसं वाढतच होतं. सुईत दोरा ओवताना हात थरथरायला लागला होता. मी यंत्र पुन्हा चालवलं. तोच आकडा. कुठंतरी पाणी मुरत होतं. शेवटी कागदावर गणित मांडलं, तेव्हा कळलं की पुडीवरचं शिसं बरोब्बर एका तांब्याचं आहे. आठवड्याला एक तांब्या. रविवारी माझा चहा आणि माझ्यासाठी भरून ठेवलेला पेला, एवढंच पाणी त्यात होतं.

कपाटातली पूड पिशवीत टाकून मी तशीच निघाले.

बाबा माठातलं, थेट विहिरीचं पाणी पीत उभे होते. बरणी फळीवर कोरडी.

"आज कशी गं? रविवार नाही ना?"

"बाबा, पूड का वापरत नाही तुम्ही?"

"वापरतो की. तू येतेस तेव्हा."

"आणि एरवी?"

"एरवी मी एकटाच असतो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "भरली की तुला धावत यावं लागतं. म्हटलं, पुरवून वापरावी. आठवड्यात भरत नाही असं तुला दिसलं की सांगणार होतो, आता महिन्यातून एकदाच ये."

आयुष्यभर कापड वाचवलेला माणूस माझे हेलपाटे वाचवत होता. मला ओरडायचं होतं, पण रडूच आलं.

"नका वाचवू. मला यायचं असतं. इथे आले नाही तर सबंध रविवारात माझ्याशी कुणी बोलत नाही."

ते चष्मा लावत म्हणाले, "माझ्याशी तरी कोण बोलतं."

मी बरणी भरली, नवी पूड ढवळली, खाली चुंबक सरकवलं. आम्ही दोघं काळं तळाशी जाताना बघत बसलो. पहिला पेला त्यांच्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत समोरून हलले नाही.

"ही किती पुरते?" त्यांनी विचारलं.

"आठवडा," मी म्हणाले. "वापरा, नाहीतर वापरू नका. शनिवारी संपतेच."