मावशींच्या मशीनचा नवा स्विच

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात मावशींची मशीन म्हणजे मावशींचीच. वीस वर्षांत दुसऱ्या कुणाची तिला हात लावायची टाप नव्हती. ड्रम केवढा, तर आत दोन माणसं आरामात मावतील. त्याचं झाकण समोर आणायला पॅनेलवर फिरवायचा स्विच होता. डावीकडे धरला की ड्रम डावीकडे, उजवीकडे धरला की उजवीकडे. हात सोडला की स्विच आपसूक मधे यायचा आणि ड्रम थांबायचा. मावशी त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. डोळे ड्रमवर आणि तोंड शेजारच्या मशीनवालीशी गप्पांत.

सोमवारी वायरमनने झिजलेला स्विच काढून नवा बसवला आणि सगळं गणितच चुकलं. हात सोडावा, तर ड्रम आपला फिरतोच. झाकण कधी खाली, कधी पार मागे. स्विच परत येत नाही, असं मावशींनी मालकांना सांगितलं. मालकांनी वायरमनला फोन लावला. तो पठ्ठ्या म्हणाला, स्विच कोरा करकरीत आहे, मावशीच जोरात पिळत असतील. मालकांना ते लगेच पटलं. आता वय झालं, पुढच्या आठवड्यापासून घड्या घालायच्या टेबलावर बसा, असं त्यांनी गोड बोलून सांगूनही टाकलं.

घरी सुनेनं चहा दिला तेव्हा मावशींनी कप डाव्या हातात घेतला. उजव्यावरचा विश्वासच उडाला होता.

शुक्रवारी वायरमन दुसऱ्या कामाला आला, तसं मावशींनी त्याला गाठलं. आपल्या आणि शेजारणीच्या मशीनचा मेन स्विच स्वतः बंद केला आणि त्याला डोळे मिटायला लावले. आधी शेजारणीचा स्विच फिरवून सोड, मग माझा, असं बजावलं.

पहिला टक्कन मधे आला. दुसरा नेला तिथेच ठाण मांडून बसला. वायरमनने डोळे उघडले, पॅनेल खोललं आणि कपाळावर हात मारला. दिसायला दोन्ही जुळे, पण या नव्याला मधे आणणारी स्प्रिंगच नव्हती. ठेवाल तिथे राहणारी ही वेगळीच जात. घाईत त्याने खोक्यावरचं वाचलंच नव्हतं.

"चूक माझी," तो मालकांना म्हणाला. "मावशींचा हात बरोबर होता."

अर्ध्या तासात स्प्रिंगवाला स्विच बसला. मावशींनी ड्रम फिरवला, हात सोडला. झाकण नाकासमोर येऊन उभं. एकदा, दोनदा, पाचदा. मावशी हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"चार दिवस मला वाटत होतं, मीच बिघडले."

मळक्या चादरींची गाडी मालकांनी स्वतः ढकलत आणून मावशींपाशी उभी केली.